बसायची नोकरी

डोंबिवली पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भाजीवाली बसते. एका शनिवारी सकाळी तिने मला मागून हाक मारली, "ओ ताई, चप्पल!" मी वळून बघितलं तर माझी डाव्या पायातली चप्पल दहा-बारा पावलं मागे रस्त्यात पडलेली, आणि मी एका पायाने अनवाणी चालत आलेले. मला पत्ताच नाही. परत गेले, चप्पल घातली आणि तिच्याकडून उगाचच अर्धा किलो भेंडी घेतली. घरी पाय धुताना अंगठ्याच्या बाजूला काचेचा बारीक तुकडा रुतलेला दिसला. रक्त येऊन वाळलेलं होतं. चिमट्याने काच काढली, तेव्हाही काही वाटलं नाही.

घाबरायला हवं होतं. मी भेंडी धुऊन पुसून पंख्याखाली पसरली. पाय तसा तीन-चार महिन्यांपासून बधिर होत चाललेला. आधी मुंग्या, मग अंगठा, मग पावलाचा वरचा भाग. चपलेचा पट्टा घट्ट असेल, असं मी स्वतःला सांगत होते. त्या नादात तीन चपला बदलल्या. माणूस स्वतःला किती बनवतो, काय सांगू.

मी ड्राफ्ट्समन आहे. बाईला काय म्हणायचं ते आमच्या लाइनमध्ये अजून कुणी ठरवलेलं नाही, त्यामुळे ड्राफ्ट्समनच. माजिवड्याला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बिल्डिंगचे नकाशे काढते, पंचवीसेक वर्षं झाली. लॉकडाऊनपासून आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि दोन दिवस ऑफिस. घर म्हणजे मी आणि आई. लग्न केलं नाही. का नाही केलं हे लोक अजून विचारतात आणि मला त्या प्रश्नाचा आता रागसुद्धा येत नाही.

आईचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आई कळव्याला एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. आम्ही तेव्हा विठ्ठलवाडीला राहायचो. पट्ट्यावरून बाटल्या येणार, बायकांनी त्या उचलून खोक्यात भरायच्या. आठ तास, उभ्याने. बसायला तिथे काही नव्हतंच. एक स्टूल होतं, सुपरवायझरचं, आणि तो जागेवर नसला तरी त्यावर कुणी टेकायचं नाही. एखादी बाई उशिरा आली किंवा तिच्या हातून बाटली फुटली, तर तिला जेवणाच्या सुट्टीतही सगळ्यांसमोर पट्ट्यापाशी उभी ठेवायचे. बाकीच्या जमिनीवर बसून डबा खाणार आणि ही उभी. आईला असं दोनदा ठेवलेलं. त्यातलं एकदा मी पोटात असताना, सातव्या महिन्यात. ती हे कधी रंगवून सांगत नाही. "ठेवलेलं बाई एकदा," एवढंच.

त्यामुळे तिची देवाकडे एकच मागणी होती, की पोरीला बसायची नोकरी लागू दे. पगार किती, साहेब कसा, हे तिने कधी विचारलं नाही. "बसायची आहे ना?" हे विचारलं. मी नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीचं एक वर्ष ड्रॉइंग बोर्डवर उभ्यानेच काम असायचं. आईला ते आवडायचं नाही. मग ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि मला चाकांची खुर्ची मिळाली. आई पेढे घेऊन माजिवड्याला आली. साहेबांना पेढा दिला, मला दिला, मग खुर्चीची गादी हाताने दाबून बघितली आणि सगळे बघत असताना तिच्यावर बसली. दोन्ही पाय जमिनीपासून उचलून बसली. मी तेव्हा लाजेने मेलेले. तेव्हापासून आई सगळ्यांना सांगायची, गावाकडच्यांना, बिल्डिंगमधल्यांना, बँकेतल्या माणसालासुद्धा, "माझी मुलगी बसून काम करते. पंख्याखाली."

आणि एक. माझे वडील मी विशीत असताना गेले. हर्नियाचं ऑपरेशन होतं, साधं, दोन दिवसांत घरी जाल असं सांगितलेलं. टेबलावरूनच गेले. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. शेजारच्या काकूंचं मोतीबिंदूचं झालं तर आई म्हणते, "त्यांचं डोळ्याचं केलं." आम्ही दोघी त्या शब्दाला वळसा घालून राहतो आणि आता ते कष्टाचंही वाटत नाही.

तर काच काढल्यावर सोमवारी मी हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आईला सांगितलं, ऑफिसच्या कामाला जाते. डॉक्टर म्हणाल्या, "डाव्या पायाचा अंगठा वर उचला." मी उचलला. म्हणजे मला वाटलं मी उचलला. खाली बघितलं तर तो तिथेच. दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसं मी बघत होते. टाचांवर चालायला लावलं, तर डावं पाऊल फटकन खाली पडायचं. फटक, फटक. मग फोटो काढले, मशीनमध्ये घातलं, आणि कळलं की कमरेतली गादी सरकून नस दबलीय.

"दिवसातून किती तास बसता?"

मी मोजले. ऑफिस, रिक्षा, घरी परत कॉम्प्युटर. "अकरा असतील."

"आता बसणं बंद. जेवण, प्रवास, तेवढंच. काम उभ्याने करायचं. व्यायाम लिहून देते. सहा आठवडे बघू. अंगठा उठला तर उत्तम. नाही उठला तर ऑपरेशन, आणि ते लांबवायचं नाही. लांबवलं तर पाय असाच राहील."

"उभ्याने नकाशे कसे काढणार?"

"कसेही काढा. पूर्वी उभ्यानेच काढायचे ना?" बाई हसल्या. त्यांचं बरोबर होतं. मीही हसले. बाहेर येऊन उसाचा रस प्यायला, उभ्याने. मला काहीच वाटत नव्हतं. पायाचं राहू दे, आतसुद्धा कुठे काही हललं नाही. एवढंच ठरवलं की सहा आठवडे आईला कळू द्यायचं नाही. अंगठा उठला तर कधीच सांगावं लागणार नाही.

सरांना मात्र चिठ्ठी दाखवावी लागली. आमचे आताचे सर म्हणजे जुन्या साहेबांचा मुलगा, पस्तिशीचा, मला मॅडम म्हणतो. तो म्हणाला, "मॅडम, उभं राहा, आडवं पडा, काय वाट्टेल ते करा, बास घोडबंदरच्या टॉवरचे नकाशे वेळेत द्या." ऑफिसात नकाशे ठेवायची लोखंडी कपाटं आहेत, कमरेच्या वरपर्यंत येणारी. त्यातल्या एकावर माझा मॉनिटर चढवला आणि मी कामाला लागले.

पहिले दोन दिवस वैताग आला. उभं राहून काम करायला काही नाही, लोकांना उत्तरं देण्यात जीव जातो. आपल्याकडे ऑफिसात उभं असलेलं माणूस म्हणजे एक तर निघालेलं, नाही तर आत्ताच आलेलं. जो येईल तो विचारणार, "निघालात का मॅडम?" सकाळी साडेदहाला! चहावाला येऊन माझा कप परत घेऊन गेला, मला वाटलं तुम्ही चाललात म्हणे. बिल्डरचा एक म्हातारा माणूस आला तर तो बिचारा मी त्याच्या मानाला उभी राहिलेय समजून "बसा बसा" करत राहिला. मी बसेना, म्हणून तोही बसेना. दोघं समोरासमोर उभे. शेवटी सरांनी त्याला हाताला धरून आत नेलं. तिसऱ्या दिवसापासून मी "हो, निघालेय" असंच सांगायला लागले आणि काम करत राहिले. कुणी पुन्हा विचारलं नाही.

पाय दुखायचे. म्हणजे उजवा दुखायचा. डावा मजेत.

घरी कपाट कुठून आणणार? पहिल्या दिवशी लॅपटॉप स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. मी दिवसभर लोकांच्या घरांचे ओटे काढते, चौतीस इंच उंच, बाईला उभं राहून सोयीचा पडेल असा. तो लॅपटॉपला सोयीचा पडत नाही, मान मोडते. वर कुकरची वाफ, फोडणीचे शिंतोडे. दुपारपर्यंत कीबोर्डवर हळद. मग मी जेवणाच्या टेबलावर चार पाट एकावर एक रचले आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. बरोबर उंची झाली. सागवानी पाट आहेत, आईने गावाहून आणलेले, दिवाळीत आणि हळदीकुंकवाला निघतात.

आई आली, बघितलं. "पाटावर माणसं बसवतात."

"माहीत आहे मला."

"मग हे काय मांडलंस?"

"जरा उभं राहून काम करायचंय. बसून बसून कंटाळा आला."

हे वाक्य आईला पटणारं नव्हतं. तिच्या दृष्टीने बसण्याचा कंटाळा येणं म्हणजे जेवणाचा कंटाळा येण्यातला प्रकार. थोड्या वेळाने मागे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. तिने खुर्ची आणून बरोबर माझ्या मागे ठेवली होती, वर तिची स्वतःची उशी. मी ती बाजूला केली. अर्ध्या तासाने पुन्हा खुर्ची मागे. मी पुन्हा बाजूला. असं आठवडाभर चाललं. बोलणं काही नाही, नुसतं खुर्चीचं सरकणं. आईशी मी मोठ्या आवाजात भांडू शकते, पण ही मुकी भांडणं मला झेपत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात तिने दुसरं सुरू केलं. मी उभी राहिले की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. चौकटीला हात लावून, नुसती. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, पायावरच्या शिरा दोऱ्यांच्या गुंड्यांसारख्या वर आलेल्या, गुडघे गेलेले.

"आई, बस गं."

"तू बसलीस की मी बसते."

"अगं, माझं काम आहे!"

"माझं पण आहे."

"काय काम आहे तुझं?"

"उभं राहायचं."

दीड तास. मी घड्याळ बघत होते. तिचा पाय थरथरताना पातळाच्या निऱ्या हलत होत्या. मी बसले. ती त्याच क्षणी वळून आत गेली आणि पलंगावर पडली. मला इतका राग आला की मी माउस आपटला. राग बऱ्याच दिवसांनी आलेला, म्हणून लक्षात आहे.

तेव्हाच सांगून टाकायचं ना, असं कुणीही म्हणेल. मीही आता म्हणते. पण सांगायचं म्हणजे तो शब्द काढायचा, आणि तो मला तिच्यासमोर काढता येईना. पाठ दुखते म्हटलं असतं तरी तिने दहा प्रश्न विचारून तिथवर आणलं असतं मला. त्यापेक्षा बसणं सोपं होतं. मी घरच्या दिवसांना बसायला लागले. ऑफिसात उभी, घरी बसलेली. तीन दिवस, मग आणखी तीन, शनिवार-रविवार धरून पुढे. चार आठवडे संपत आले तेव्हा अंगठा होता तिथेच होता. रोज अंघोळीच्या वेळी मी त्याला सांगायचे, ऊठ. तो उठायचा नाही आणि मला वाईटही वाटायचं नाही. एखाद्या सरकारी कचेरीत रोज जाऊन यावं तसं झालेलं.

मग मी एक शहाणपणा केला. घरच्या दिवशी निदान तासभर तरी उभं राहायला मिळावं म्हणून आईला ठोकून दिलं, "मीटिंग असली की उभं राहावं लागतं." व्हिडिओवरच्या मीटिंगा तिला माहीत होत्या. ती म्हणाली, "सगळे उभे असतात?"

"नाही, मीच."

हे का बोलले देव जाणे. बाकीचे स्क्रीनवर बसलेले दिसतात, खोटं लगेच उघडं पडेल, असा काहीतरी हिशोब मनात आला असणार. आई "बरं" म्हणाली आणि डाळ निवडायला बसली. तिने त्या दिवशी खुर्ची आणून ठेवली नाही, दारातही उभी राहिली नाही. मला वाटलं, सुटले.

पुढच्या बुधवारी अकराची मीटिंग होती. आईने सकाळीच अंबाडा घातला, नारळी पौर्णिमेला घेतलेलं निळं पातळ नेसली. देवळात चाललीय असं मला वाटलं. मीटिंग सुरू झाली. स्क्रीनवर सर, बिल्डरची दोन माणसं, आणि त्यांच्या खाली छोट्या चौकोनात मी, पाटांसमोर उभी. मी स्वयंपाकघरातली एक भिंत चार इंच का सरकत नाही ते समजावून सांगत होते. तेवढ्यात माझ्या चौकोनात निळं पातळ आलं.

आईने दोन्ही हात जोडले. कॅमेरा कुठे असतो ते तिला माहीत नव्हतं, त्यामुळे तिने पाटांना नमस्कार केल्यासारखा झाला.

"नमस्कार साहेब. मी हिची आई. हिच्या हातून काही चूक झाली असेल तर मी माफी मागते. काय नुकसान झालं असेल ते सांगा. पण हिला बसू द्या. पन्नाशी उलटली हो तिची. सगळे बसलेले असताना तिला एकटीला असं उभं ठेवू नका."

मी "आई" म्हटलं. आवाज फुटला की नाही माहीत नाही. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"सातव्या महिन्यात मला ठेवलेलं," ती म्हणाली. "मी काय बोलले नव्हते. पण हिच्यासाठी बोलते."

बिल्डरच्या एका माणसाने आपला कॅमेरा बंद केला. चांगला माणूस असावा. सर खुर्चीतून अर्धे उठलेले. "अहो काकू, काकू, ऐका तरी! मी कशाला उभं करीन त्यांना? डॉक्टरांनीच सांगितलंय ना. उभं राहिलं तर ऑपरेशन टळेल म्हणून." मग माझ्याकडे बघून, "मॅडम, तुम्ही घरी सांगितलं नाहीत?"

मी लॅपटॉप मिटला. भिंतीचं काय ठरलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आई खुर्चीवर बसली. पदराने तोंड पुसलं. पंखा चालू होता, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते टुंटुंटुं वाजत होतं. आता ही रडेल, मग मी रडेन, असं मला वाटलं. आम्ही दोघीही रडलो नाही.

"कुठलं?" तिने विचारलं.

"पाय. म्हणजे कंबर. पण पाय बधिर आहे. डावा."

"मग मी बसवलं त्याने वाढलं?"

"नाही गं."

"किती दिवस बसलीस? शनिवार-रविवार धरून सांग."

"बारा."

तिने मान हलवली. बारा दिवसांनी फरक पडला की नाही हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या चांगल्या आहेत, सरळ बोलतात. पण त्या दिवशी आईला मी ठासून सांगितलं की काहीही फरक पडलेला नाही, आणि तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले.

मग ती म्हणाली, "माझ्या पावलांना कधीपासून काय कळत नाही."

"कधीपासून म्हणजे?"

"कंपनीत होते तेव्हापासनं. तू दहावीला असताना पायावर तेल सांडलं ना माझ्या? फोड बघून कळलं मला. आधी करपल्याचा वास आला, वाटलं कढईतली शेव करपली."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"चालता येत होतं," ती म्हणाली. "कुणाला काय सांगायचं?"

म्हणजे ही बाई पस्तीस-छत्तीस वर्षं न कळणाऱ्या पायांवर चालतेय. भाजी आणतेय, देवळात जातेय, माझ्यासमोर दीड दीड तास दारात उभी राहतेय. मला तिचा भयंकर राग आला आणि लगेच तो गेलाही. माझ्याकडे बोलायला तोंड कुठे होतं?

त्या दिवसापासून आमच्या घरात पारडं फिरलं. सहा आठवड्यांतले जेमतेम दोन उरले होते. मी जरा टेकले की आई आतून ओरडायची, "बसलीस का गं? ऊठ!" खुर्च्या तिने सगळ्या आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. स्वतः तिथे जाऊन बसायची, म्हणजे मला उभं राहताना अवघड वाटू नये. पाटांवर तिने जुनी सतरंजी घातली, लॅपटॉप घसरू नये म्हणून. जेवायला मी ओट्यापाशी उभी, ती ताट मांडीवर घेऊन आत. मोठ्याने बोलत जेवायचो.

आणि सकाळी चहा झाला की परीक्षा. ज्येष्ठांच्या साखर तपासायच्या शिबिरात तिने बघितलेली. मी पलंगावर आडवी, डोळे मिटून. ती झाडूची काडी घेऊन पायाशी बसणार, एकेका बोटाला लावणार आणि विचारणार, "कुठलं?"

"नाही कळत."

"आता?"

"नाही."

"नीट लक्ष दे. आता?"

"आई, लक्ष देऊन कळत नसतं ते."

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी तिचा "आता?" इतका बारीक आला की मी म्हटलं, "अंगठा."

पलंगाखालून काहीतरी चाचपल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं."

मी डोळे उघडले तेव्हा ती काडी पदराखाली घालून उठत होती. त्या दिवशी तिने शिरा केला. शेजारच्या काकूंना दारातून सांगितलेलं मी ऐकलं, "पाय येतोय हो तिचा." मला आनंद व्हायला हवा होता. मी शिरा खाल्ला, उभ्याने, आणि कामाला लागले. अंगठा अंघोळीच्या वेळी तसाच होता.

एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी सोपं जातं. दुसऱ्या दिवशी मी मधलं बोट म्हटलं. ती "बरं" म्हणाली. मग अंगठ्याशेजारचं. "बरं." मी पाठीवर पडून, डोळे मिटून, जे सुचेल ते बोट सांगायचे. कधीकधी मुद्दाम "नाही कळलं" म्हणायचे, खरं वाटावं म्हणून. आई नेहमी "बरं" म्हणायची. आपण तिला फसवतोय याचंसुद्धा मला फारसं काही वाटत नव्हतं. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. मशीनसमोर खोटं चालत नाही हे मला माहीत होतं, पण सोमवार सोमवारी.

रविवारी सकाळी चहा झाला. मी आडवी पडले, डोळे मिटले.

"कुठलं?"

"करंगळी," मी म्हटलं.

या वेळी "बरं" आलं नाही. मी वाट बघितली. मग डोळे उघडले. आई पायाशी नव्हतीच. ती समोर, खिडकीखालच्या खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, हातात काडीसुद्धा नाही.

"गुरुवारपासून मी तुझ्या पायाला हात लावत नाही," ती म्हणाली. "इथूनच विचारते."

मी उठून बसले.

"पहिल्या दिवशी अंगठा म्हणालीस ना, तेव्हा काडी माझ्या हातातून खाली पडली होती. मी ती शोधत होते."

"मग शिरा का केलास?"

"तू खाल्लास ना?"

आई उठली. पलंगापाशी आली आणि माझा डावा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. अंगठा हातात धरून तिने तो वर केला आणि सोडला. तो खाली गेला. तिने पुन्हा वर केला. पुन्हा खाली.

"उद्या त्या बाईंना सांग, ऑपरेशनची तारीख लवकरची द्या," आई म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. तिने तो अगदी साधा उच्चारला. "मी येते बरोबर. मी बाहेर बसते."